जाणूनबुजून पत्करलेला धोका?

अमेरिकन फुटबॉलपटूंच्या दैन्याची गोष्ट निघाली, कीं ‘भरपूर द्रव्य घेऊन त्यांनीं हा धोका जाणूनबुजून पत्करला’ हें उत्तर ठरलेलें. पण त्यांस काय जाणूं दिलें होतें? प्रत्येक चालीस डोकें पुढें करून धडक घेणें हेंच ज्याचें काम, तो पिट्सबर्ग संघाचा माइक वेब्स्टर चार अजिंक्यपदांनंतर २००२ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, भ्रमिष्ट व विपन्न अवस्थेंत वारला. त्याच्या मेंदूंतील विकृति डॉ. बेनेट ओमालू यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केली. तेव्हां नॅशनल फुटबॉल लीगच्या समितींतील वैद्यांनीं तो निबंधच मागें घेण्याची मागणी केली! खेळाशीं या विकाराचा संबंध लीगच्या अधिकाऱ्यानें उघडपणें मान्य केला, तो २०१६ सालीं. ज्या धोक्याचें अस्तित्वच नाकारलें गेलें, त्यास खेळाडूंची संमति होती असें म्हणणें ही शुद्ध वंचना होय.