नर्सिंगला जायचंय, मग हातात कला शाखेचा फॉर्म का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. परवा एक अब्बू आले. मुलीला 78 टक्के. "सर, बच्ची को नर्स बनना है," म्हणाले, आणि हातात अकरावी कला शाखेचा फॉर्म! कारण विचारलं तर कलेचं कॉलेज मोहल्ल्यात, विज्ञानाचं तालुक्याला.

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. गणिताची अट नाही. गणिताच्या भीतीने विज्ञान सोडणाऱ्या किती मुली मी पाहिल्या, सांगू? म्हणजे पदवीचा निर्णय बारावीनंतर होतच नाही. तो याच जून महिन्यात, या एका फॉर्मवर होतो.

कला शाखा घेतली म्हणून सगळं संपतं असंही नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मी काही न विचारता कला शाखेचा फॉर्म भरून दिला होता. तिने बारावीनंतर तीन वर्षांचं जीएनएम केलं, नोकरी धरली, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आता तिला एम.एस्सी. करायचंय. पोहोचली, पण लांबच्या वाटेने, आणि मधली दोन वर्षं केवळ लग्नाचा तगादा परतवण्यात गेली. ती चूक माझी.

रात्रपाळीचा प्रश्न निघतोच. आपल्या घरची बाई दवाखान्यात असली की आपल्याला रात्री बाईच नर्स हवी असते. ती कुणाची तरी बेटी असते ना? मस्जिद-ए-नबवीजवळ तंबूत जखमींची सेवा करणाऱ्या हजरत रुफैदांचं नाव आपण जलशात मोठ्या अभिमानाने घेतो. मुलीचा फॉर्म भरताना मात्र विसरतो.

एक व्यवहाराची गोष्ट. बागवान, मोमीन अशा बऱ्याच बिरादऱ्या ओबीसीत येतात. जातीचा दाखला आणि पडताळणीचं काम अकरावीतच सुरू करा. प्रवेशाच्या आठवड्यात कचेरीत धावून काही हाती लागत नाही.

अब्बूंनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. मुलगी दाराशी उभी होती. तिनेच विचारलं, "सर, तालुक्याला सकाळची पहिली एसटी किती वाजता असते?"