काठ गेला की तळे गेले

मासा हा शब्द उच्चारताच मराठी मनाला समुद्र आठवतो. पापलेट, सुरमई, बांगडा ही नावे आपल्या कथा-कादंबऱ्यांतून आणि पाककृतींच्या पुस्तकांतून इतकी रुळली आहेत, की गोड्या पाण्यातील मासा जणू दुय्यम प्रतीचा, अशी समजूत होऊन बसली आहे. वास्तविक हैदराबाद व आसपासच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांची मूळ गावे गोदावरी, मांजरा, भीमा यांच्या खोऱ्यांतील आहेत. त्यांच्या वाडवडिलांना ठाऊक असलेला मासा समुद्राचा नव्हताच. तो डोहाचा, ओढ्याचा आणि गावतळ्याचा होता. म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांना तळ्याच्या काठी नेऊ इच्छितो. कोणत्या जागी कोणता मासा असतो हे तर सांगूच. परंतु त्या जागांचे आज काय होत आहे, हेही सांगितल्यावाचून राहवणार नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपल्या भागातील बहुतेक सर्व तलाव माणसाने बांधलेले आहेत. वरंगळजवळचा पाखाल तलाव काकतीय राजा गणपतिदेवाच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभीचा. हुसेनसागर कुतुबशाहीतील, 1562 च्या सुमाराचा. 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद शहरात हाहाकार उडविला. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना आखली गेली आणि तीतून मुसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसीवर हिमायतसागर (1927) उभे राहिले. मांजरा नदीवरील निजामसागर 1931 मध्ये पूर्ण झाला. ही मांजरा आपल्या चांगल्या परिचयाची आहे. बीड जिल्ह्यात पाटोदे तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरांत ती उगम पावते, आणि तिचेच पाणी पुढे हैदराबादच्या नळांतून आपल्या घरी येते.

माणसाने बांधलेल्या पाण्यात काय नांदावे, हेही बव्हंशी माणूसच ठरवितो. हे सूत्र हाती धरले, म्हणजे तळ्यातील माशांचे सारे कोडे उलगडते.

जाणता मच्छीमार तळ्यावर आला की लगेच गळ टाकीत नाही. तो काही काळ पाणी न्याहाळतो, कारण त्याच्या लेखी एकाच तळ्यात चार निरनिराळ्या वस्त्या असतात. पहिली वस्ती मोकळ्या, वरच्या पाण्याची. तेथे कटला असतो. मोठे डोके आणि वर वळलेले तोंड ही त्याची खूण. पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव हे त्याचे अन्न. वारा ज्या काठाकडे वाहतो, त्या काठाला हे सूक्ष्म जीव लोटले जातात. म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला असता तळ्याच्या पूर्व काठाला कटला लाभण्याचा संभव अधिक. दुसरी वस्ती मधल्या थराची. ती रोहूची. झालरीसारखे ओठ आणि तांबूस झाक असलेले खवले यांवरून तो ओळखावा. शेवाळ व कुजकी पाने यांवर त्याचा निर्वाह चालतो, आणि कणकेच्या गोळीला तो सहज फसतो. तिसरी वस्ती तळाची. तेथे मृगळ चिखलातून अन्न शोधीत फिरतो आणि बांधालगतच्या खोल पाण्यात लांब मिशांचा शिंगाळा दबा धरून असतो. तोंड वर, समोर की खाली, एवढे पाहिले तरी मासा कोणत्या मजल्यावर राहतो हे लहान मुलासही सांगता येते. मुलांना घेऊन मासळीबाजारात जाणाऱ्यांनी हा खेळ अवश्य करून पाहावा.

चौथी वस्ती काठाची. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी वरच्या तिन्ही मजल्यांवरील मंडळींविषयी एक रहस्य सांगितले पाहिजे. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघेही आपल्या तळ्यांतील पाहुणे आहेत. त्यांचे मूळ घर उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यात. शिवाय साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यात फुगलेल्या नदीचा ओघ लागतो. पूर्वी या माशांचे बीज पुराच्या दिवसांत नद्यांतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या माशांची भेसळ असे. 10 जुलै 1957 रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यात प्रजनन करावयास लावले, आणि ती अडचण दूर झाली. आज 10 जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच कारणाने. तेव्हापासून गावोगावच्या तळ्यांत दरवर्षी बोटभर लांबीची पिले सोडण्याचा प्रघात वाढत गेला. तेलंगण शासनाने तर 2016 नंतर मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना असे बीज विनामूल्य देण्याची योजना राबविली. म्हणजे आपल्या ताटातील रोहू हा बहुधा तळ्यात जन्मलेला नसतो, तळ्यात पोसलेला असतो. पाहुणा गुणी आहे, पोटाला आधार देणारा आहे, त्याचे स्वागतच आहे. मात्र एखादे वर्ष बीज सोडले नाही, तर त्याचे घराणे तेथे आपोआप चालत नाही.

चौथ्या वस्तीचे मात्र तसे नाही. काठालगतचे उथळ पाणी, त्यातील लव्हाळे, कमळाची पाने, पाणगवत, आणि ओढा जेथे तळ्याला मिळतो ते मुख, हा सारा घरच्या माशांचा मुलूख. या मुलखाचा धनी म्हणजे मरळ. तेलुगू शेजारी त्याला कोर्रमीनु म्हणतात, आणि तेलंगणाचा राज्यमत्स्य म्हणून त्यालाच मान मिळाला आहे. सापासारखे डोके, गोल लांबट अंग, काळपट पाठ आणि काट्यांचा त्रास नाही असे घट्ट मांस. यामुळे त्याला नेहमीच चढा भाव असतो. त्याची मोठी खासियत अशी, की कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीच्या साहाय्याने तो थेट हवेतून श्वास घेतो. म्हणूनच बाजारात तो पाण्याच्या पिंपात जिवंत विकला जातो, आणि उन्हाळ्यात तळे आटले तरी ओल्या चिखलात तग धरून राहतो. पाण्यावर येऊन हवा घेतल्यावाचून मात्र त्याला गत्यंतर नाही. त्या वेळी उठणारा बारीकसा तरंग पाहूनच जाणता गळकरी त्याचा ठाव काढतो.

मरळीचा संसार पाहण्यासारखा असतो. पावसाळ्यात नरमादी मिळून पाणगवतात वर्तुळाकार जागा मोकळी करतात. तेथे अंडी तरंगत राहतात आणि पालक पहारा देतात. पिले बाहेर पडली की नारिंगी-तांबड्या रंगाचा त्यांचा थवा एकत्रच हवा घेण्यास वर येतो, तेव्हा तेवढ्यापुरते पाणी आधण आलेल्या भाताप्रमाणे खदखदते. खाली मायबाप राखणीला असतात. याच खुणेचा फायदा घेऊन काही हौशी मंडळी नेमकी तेथे आमिष टाकतात आणि राखणीला असलेला मासा उचलतात. मासा एक मिळतो, पण पोरका झालेला सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. आमच्या मते हा गळकऱ्याचा पराक्रम नव्हे. ज्या पाण्यात पिलांचा थवा दिसेल, तेथून दोरी गुंडाळून पुढे जावे, यातच खऱ्या छंदाची शोभा आहे.

योगायोग असा, की ज्या मृग नक्षत्राची आपला शेतकरी चातकासारखी वाट पाहतो, त्याच मृगशिरेच्या आरंभी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, हैदराबादेत मासे खाण्याची जुनी चाल आहे. त्या दिवशी बाजारात पाय ठेवावयास जागा नसते. दम्यावरील औषध म्हणून जिवंत लहान मरळ गिळण्यासाठी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दूरदूरचे लोक रांगा लावतात. त्या औषधाचा गुण वैद्यकशास्त्राने सिद्ध केलेला नाही, हे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. परंतु मरळ या मुलखाच्या जीवनात किती खोल रुतली आहे, याची साक्ष म्हणून ती चाल लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथे माशांच्या नावांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने अनेक माशांना शास्त्रीय नावे देताना लोकांच्या तोंडची नावेच उचलली. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आज शिंगाळ्याचे नाव ‘सीनघाला’ असे आहे, ओढ्यातील दगडांना चिकटून राहणाऱ्या लहानग्या मळ्याचे नाव ‘मुल्या’ असे आहे, आणि पुण्याजवळच्या मुळामुठेत सापडलेल्या महाशीराचे नाव ‘खुद्री’ असे आहे. आमच्या आज्याला ठाऊक असलेला शब्द शास्त्राने जपला. आमच्या नातवाला मात्र तो ठाऊक नाही. नाव विसरले जाते, ते बहुधा ती वस्तू डोळ्यांसमोरून गेल्यावर.

आणि ती वस्तू जात आहे, हेच आजच्या लेखाचे खरे प्रयोजन. तळे बुजते ते मधून नव्हे, काठाकडून. जुन्या निजामी महसुली भाषेत तळ्याच्या बुडीत जमिनीला ‘शिखम’ म्हणत. मराठवाड्यातही हा शब्द चालतो. पावसाळ्यात ही जमीन पाण्याखाली, उन्हाळ्यात उघडी. परक्या डोळ्याला ती ओसाड दिसते. तिच्यावर प्रथम भराव पडतो, मग भिंत येते, मग घरे येतात. मधले खोल पाणी शाबूत असते, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते, तळे आहे तसेच आहे. पण मरळीचे घरटे, पिलांचा थवा, ओढ्याचे मुख हे सर्व त्या ‘ओसाड’ पट्टीतच असते. ती गेली की उरते ते केवळ साठवलेले पाणी. त्यात पाहुणे मासे सोडता येतात. घरचा मासा परत आणता येत नाही.

काठ गेलेल्या पाण्यात दुसरेही संकट शिरते. ओढ्याऐवजी गटाराचे पाणी मिळू लागले, की शेवाळ माजते. ते रात्री पाण्यातील प्राणवायू शोषून घेते, आणि पहाटे मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. अशा प्रसंगी मरळ वाचते, कारण ती हवा पिते. तेव्हा मरळ जिवंत आहे म्हणजे पाणी चांगले, असा निष्कर्ष गृहिणींनी काढू नये. हुसेनसागरासारख्या शहरी तलावांत अनेक वर्षे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी येत राहिले. तळाच्या गाळातील जड धातू माशांच्या शरीरात साठतात. असा मासा पाहावा, खाऊ नये.

मोकळ्या झालेल्या जागी उपरे शिरतात. चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात जपते, वर्षातून अनेकदा विते, आणि थोड्याच काळात तळे व्यापून टाकते. आफ्रिकेतून आलेला थाई मांगूर तर इतका हावरा, की 2000 मध्ये त्याच्या पैदाशीवर देशात बंदी घालण्यात आली. तरी तो चोरून पाळला जातो. काचेच्या पेटीत शोभेसाठी पाळलेला, अंगावर कवचासारखे खवले असणारा सकर मासा मोठा झाल्यावर लोक दया म्हणून तळ्यात सोडून देतात. तो बांधात बिळे करतो, जाळी फाडतो, आणि त्याला गिऱ्हाईक नसल्याने मच्छीमाराचे दुहेरी नुकसान होते. ही दया कोणाच्या पदरी पडते, याचा विचार सोडणाऱ्याने करावा.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्या पाणलोटात बांधकामास बंधने घालणारा आदेश 1996 मध्ये निघाला. 2022 मध्ये ती बंधने उठविण्याचा निर्णयही निघाला. 2024 मध्ये तलावांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली. कायदा येतो आणि जातो. काठाला मात्र रोजची राखण लागते, आणि ती शेजाऱ्यांनीच करावयाची असते.

आपण काय करावे? आमचे सांगणे साधे आहे. गळ टाकावयाचा असेल तर आधी त्या तळ्याच्या मच्छीमार संस्थेची परवानगी घ्यावी. त्या पाण्यातील माशावर कोणाची तरी चूल पेटते. पावसाळ्यात काठाच्या गवतातून दूर राहावे. घरातील शोभेचे मासे तळ्यात सोडू नयेत. घर वा भूखंड घेताना त्या जमिनीचा जुना नकाशा पाहावा, आणि त्यावर ‘शिखम’ हा शब्द आढळला तर कितीही स्वस्त मिळाली तरी पाठ फिरवावी. ती जमीन आपली नाही, पाण्याची आहे, आणि 1908 सारख्या पावसात पाणी आपली जमीन परत मागते. शेवटी, मुलांना एखाद्या रविवारी तळ्यावर न्यावे आणि त्यांना मरळ, मळ्या, शिंगाळा ही नावे सांगावीत. या मुलखात आपण पाहुणे म्हणून आलो आणि घरचे झालो, ते येथल्या पाण्यावर. त्या पाण्याचे घरचे कोण, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.