‘घर कसं सांभाळता?’ हे त्यालाही विचारा

मराठीत आता पॉडकास्ट भरपूर झाले आहेत. उद्योजक येतात, अधिकारी येतात, तास-दीड तास बोलतात. पन्नासावा भाग, शंभरावा भाग असा टप्पा आला की सोहळा होतो आणि नेतृत्व, उद्योग व कुटुंब या तिन्हींबद्दल आजवर काय शिकलो याची उजळणी होते. माझं भांडण सोहळ्याशी नाही. आपल्या भाषेत माणसं धंद्याबद्दल मोकळेपणी बोलू लागली, हे चांगलंच झालं. माझं भांडण तिथे विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाशी आहे.

पुरुष पाहुणा आला की विचारलं जातं, भांडवल कसं उभं केलंत? पहिली ऑर्डर कशी मिळाली? नुकसान झालं तेव्हा काय केलंत? कुटुंबाचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत येतो. तो म्हणतो, ‘घरच्यांचा पाठिंबा होता म्हणून जमलं,’ आणि विषय संपतो. बाई पाहुणी असली की दहाव्या मिनिटालाच प्रश्न येतो, ‘हे सगळं करताना घर कसं सांभाळता?’ मग तीही पहाटे पाचला उठण्याचं, डब्यांचं, सासूबाईंच्या आधाराचं सांगत बसते. तिने माल कुठून उचलला, दर कसा ठरवला, उधारी कशी वसूल केली, हे राहूनच जातं. बचत गटातल्या ज्या बाईला धंदा शिकायचा आहे, तिच्या हाती यातून काय लागणार?

‘घरच्यांचा पाठिंबा’ म्हणजे नेमकं काय, हे सरकारी आकडेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. पुन्हा हे ८८ फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आहेत. चारातल्या जवळजवळ तिघांनी पाहणीच्या दिवशी हातच लावलेला नव्हता. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. रोज एवढे तास ज्याच्यासाठी दुसरं कुणी फुकट राबतं, त्याने नेतृत्वगुणांवर बोलावं आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, असा हा मामला आहे.

आपल्या संभाजीनगरच्या आसपासच पाहा. वाळूजला मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी कितीतरी छोटी वर्कशॉप उभी राहिली. अशा वर्कशॉपचा मालक ‘मी शून्यातून उभा राहिलो’ म्हणतो तेव्हा सुरुवातीची वर्षं कामगारांना चहा, मालकाला डबा, रात्री बिलांची वही हे सगळं कोण करत होतं, हे कुणी विचारत नाही. कधी पाटीवर आणि कागदावर तिचं नाव असतं, कारण महिला उद्योजकांना सवलत मिळते. सही तिची असते आणि केबिनमध्ये तो बसतो. वरच्या थरातही वेगळं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक स्त्री घेणं बंधनकारक केलं, तेव्हा कितीतरी घराण्यांनी आपल्याच बायको-मुलीला खुर्ची दिली. ग्रामपंचायतीत आपण ‘सरपंचपती’ पाहिला, कंपनीतही त्याचा भाऊ भेटतो.

पैठणला जा. पैठणी विणणाऱ्या पुष्कळ घरांत मागावर बसणारा कारागीर ठरतो, आणि रेशीम उकलून कांड्या भरणाऱ्या घरच्या बायका-मुली ‘मदत’ करतात. ऊसतोडीला जाणारं जोडपं तर मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून लिहिलं जातं. माणसं दोन, नोंद एक, आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. दिवसभर मोळ्या बांधून, वाहून ती कोपीवर परतते तेव्हा चूल तिचीच वाट पाहत असते. ‘उद्योग आणि कुटुंब’ यांचा खरा संबंध समजून घ्यायचा असेल तर या बाईला माइकसमोर बसवावं लागेल.

भांडवलाचं तेच. १९९४ साली महाराष्ट्राने कायदा करून वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलीला, मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ साली तो देशभर झाला. वडील २००५ आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. आणि व्यवहारात? भावाकडची दिवाळी तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठे आणि सह्या करून मोकळ्या होतात. मग बँक तारण मागते तेव्हा तिच्याकडे असतात ते अंगावरचे दागिने. त्याच्या गोष्टीत ‘वडिलांची जमीन गहाण टाकली’ हे धाडस ठरतं. तिने ज्या जमिनीवर पाणी सोडलं, ती कुणाच्याच गोष्टीत येत नाही.

यावर दोन उत्तरं मिळतात. पहिलं, ‘घरचं काम प्रेमाचं असतं, त्याचा काय हिशेब मांडायचा?’ प्रेम असेलही. पण मग ते एकाच बाजूने दिवसाला पावणेपाच तास का वाहतं? दुसरं, ‘आजच्या यशस्वी बायकांना हे जमतंच ना!’ जमतं, कारण त्यांच्या ओट्याशी दुसरी बाई उभी असते. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी पगारी सुट्टीसाठी आजही त्यांना घरोघरी भांडावं लागतं. एका बाईचं ओझं दुसरीच्या डोक्यावर गेलं, पुरुषाच्या नाही. याला ‘समतोल’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आणि बायकांनी धंद्याचं नेतृत्व वेगळ्या रीतीने करून दाखवलेलं नाही असं थोडंच आहे! १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं. भिजवलेलं पीठ केंद्रावरून न्यायचं, पापड घरी लाटायचे, आणि लाटणारी प्रत्येक जण मालकीण. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना ‘अन्नपूर्णा’त एकत्र आणून सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चूल तीच, पण ती घरकाम न राहता व्यवसाय ठरली. म्हसवडला माणदेशी बँकेचा परवाना आधी नाकारला गेला, कारण सभासद बायका निरक्षर होत्या. त्या अक्षरं गिरवायला बसल्या, आणि १९९७ साली बँक उभी राहिली. बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बचत दारात येऊन गोळा होऊ लागली. इथे घर सांभाळणं हा एकेकटीच्या हुशारीचा प्रश्न राहिला नाही. बाईच्या दिवसाकडे बघून धंद्याने आपली पद्धत बदलली.

म्हणून आपल्यातल्या कुणाला अशा कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तर जरूर जावं. पण आधीच सांगावं की घराचा प्रश्न मला विचाराल, तर पुढच्या पुरुष पाहुण्यालाही विचारा, आणि ‘पाठिंबा होता’ एवढ्यावर सोडू नका. स्वयंपाक कोण करतं, मुलाला ताप आला तर सुट्टी कोण घेतं, धंद्याच्या नफ्यात तिचा लेखी वाटा किती, हे विचारा. गटागटांतून आपणही आपल्या धंद्यांच्या गोष्टी नोंदवू या, उधारी-वसुलीसकट. आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात सामाईक पाळणाघरांची मागणी लावून धरू या. कायद्याने पाळणाघर लागतं ते पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. आपल्या बहुतेक जणी काम करतात त्या शेडमध्ये दहा-वीस माणसं असतात. त्यांच्या लेकरांनी कुठे जायचं, याचं उत्तर उद्योजकांनी आणि सरकारने द्यायचं आहे, एकट्या आईने नव्हे.