आश्रयाचा हक्क की पैशाचा?

छळापासून जीव वाचवून आलेल्या माणसाला आश्रय मागता यावा, असे अमेरिकेचा 1980 चा निर्वासितविषयक कायदा सांगतो. मात्र या हक्काची किंमत त्या निष्कांचन माणसाकडूनच वसूल केली जाते. देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, तो इंग्रजीतच भरला पाहिजे आणि 2025 पासून त्यासाठी शुल्कही मोजले पाहिजे. अर्ज केल्यावर किमान सहा महिने कामाचा परवाना मिळत नाही. मग वकिलाची फी त्याने आणावी कोठून?

घरफोडीच्या आरोपीलाही, ऐपत नसल्यास, सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली गिडियन खटल्यात बजावले. निर्वासिताला मात्र हे संरक्षण नाही. कारण हद्दपारी ही म्हणे शिक्षाच नव्हे, केवळ दिवाणी कारवाई! समोर सरकारचा पगारी वकील, न्यायासनावर न्यायखात्याचाच नोकर, आणि उभा कोण? भाषा न जाणणारा एकटा माणूस, कित्येकदा तर एकटे मूल. याला न्याय म्हणणे ही न्यायाची विटंबना आहे.

सारा दोष वकिलांच्या माथी मारणे सोपे आहे. पण त्यांतील अनेक जण विनामोबदला लढतात. प्रश्न त्यांच्या सद्भावनेचा नाही. हक्क दुसऱ्याच्या दयाबुद्धीवर सोपवला की तो हक्क राहत नाही, भिक्षा होते. जे राज्य हद्दपारीसाठी वकील नेमते, त्याने आश्रयासाठीही तो दिला पाहिजे. याहून कमी काहीही मान्य करणे म्हणजे माणसाचा जीव त्याच्या खिशावरून तोलणे होय.