परिचारिकेच्या तोंडाला कुलूप कोणी घातले?

मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला झोप लागते का, जेवण जाते का, कानांत आवाज येतात का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हे सारे विचारले जाते आणि केसपेपरावर उतरवले जाते. त्याच्या कामजीवनाचे काय झाले आहे, हे मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. डॉक्टरांना वेळ नसतो, नातेवाइकांना लाज वाटते, रुग्णाला शब्द सापडत नाहीत. आणि जी व्यक्ती दिवसरात्र पाळीपाळीने त्याच्या उशाशी असते, त्या परिचारिकेला हा प्रश्न विचारण्याचे ना पुरेसे शिक्षण मिळालेले असते, ना अधिकार. असला विषय वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना आमचे उत्तर एवढेच की, मर्दानी ताकदीच्या आणि गुप्तरोगांवरील हमखास इलाजांच्या जाहिरातींच्या रूपाने हा विषय आतल्या पानांवर वर्षानुवर्षे छापला जातच आहे. तेथे तो कोणाला खटकत नाही.

या मौनाची किंमत काय पडते, ते पाहा. विषण्णतेच्या विकारावर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी अनेक गोळ्या कामेच्छा मंद करतात, कामपूर्ती लांबवतात किंवा अशक्य करतात. छिन्नमनस्कतेवर दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी प्रोलॅक्टिन हा स्राव वाढतो. त्यामुळे पुरुषाला नपुंसकत्व येऊ शकते आणि स्त्रीची पाळी थांबून स्तनांतून दूध येऊ लागते. अविवाहित मुलीच्या बाबतीत असे घडले, तर घरात कोणते वादळ उठत असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी. वास्तविक यांवर उपाय आहेत. मात्रा कमी करता येते, हा स्राव फारसा न वाढवणारे दुसरे औषध देता येते. कधी दोष गोळीचा नसून मूळ आजाराचाच असतो आणि आजार हटला की इच्छा परतते. पण हे ठरवायचे डॉक्टरांनी, आणि डॉक्टरांना कळायचे कोणीतरी विचारले तर! समजा, पस्तिशीचा एक कारकून बरा होऊन घरी गेला, कामावर रुजू झाला. चार महिन्यांनी त्याने कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. का, ते तो बायकोला सांगू शकत नाही, आईला तर नाहीच. आणखी काही आठवड्यांनी त्याला पुन्हा बांधून आणावे लागते आणि त्याच्या कागदावर शेरा पडतो: ‘रुग्ण औषध घेत नाही’. हा शेरा रुग्णावर कसा? तो व्यवस्थेवर आहे.

जो प्रश्न रुग्णालयात विचारला जात नाही, तो रुग्ण अन्यत्र नेतो. धातू जाते, म्हणून शक्ती जाते, म्हणून डोके फिरते, या भयाने खंगणाऱ्या तरुणांचे निदान १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी ‘धात सिंड्रोम’ या नावाने वैद्यकाच्या दप्तरी लावले. त्या तरुणांना प्रत्यक्षात हवे असते ते शरीरशास्त्राचे थोडेसे ज्ञान आणि चिंतेवरचा उपचार. मिळते ते भोंदू वैद्याचे चूर्ण आणि त्याचे बिल. महाराष्ट्राला तर याचा इतिहास विशेष ठाऊक असायला हवा. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना त्यांनी सरळ उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. प्रश्न विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. उत्तर देणाऱ्याला मात्र आपण तेव्हा न्यायालयात उभे केले आणि आज प्रशिक्षणावाचून वॉर्डात उभे करीत आहोत.

परिचारिका या कामी काय करू शकते? औषध बदलणे हे तिचे काम नव्हे. परंतु परिचर्या म्हणजे केवळ सुई टोचणे आणि ताप मोजणे नव्हे. रुग्ण आणि परिचारिका यांच्यातील नाते हेच मनोरुग्ण-परिचर्येचे मुख्य साधन होय, हे हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले आणि ते आता सर्वत्र पाठ्यपुस्तकांत आहे. लैंगिक तक्रारींसाठी जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली एक पायऱ्यांची पद्धत सांगितली. तिची पहिली पायरी औषधाची नाही, सल्ल्याचीही नाही. ती परवानगीची आहे. “या गोळ्यांनी काही जणांना नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण येते. तुम्हांला तसे काही जाणवते का?” एवढे एक वाक्य शांतपणे, दार लोटून, एकट्याला विचारले की रुग्णाला बोलण्याची मुभा मिळते. कित्येकांना याहून अधिक काही लागतही नाही.

या वाक्यासाठी शब्द मात्र हवेत. आमच्या मराठीत या विषयाचे शब्द दोनच ठिकाणी सापडतात, संस्कृत कोशात आणि नळावरच्या भांडणात. परिचारिका शिकते इंग्रजीत, रुग्ण बोलतो मराठीत, आणि दोघांच्या मध्ये शब्दच नाही. विद्यापीठांचे भाषामंडळी पारिभाषिक कोश रचतात. त्यांपैकी कोणी वॉर्डात उभे राहून लाज न वाटता उच्चारता येतील असे वीस-पंचवीस शब्द दिले, तर त्याचे उपकार होतील.

याहून अवघड प्रसंग उन्मादाच्या रुग्णाचा. या आजारात कामेच्छा अनावर होऊ शकते. एरवी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी गृहिणी वॉर्डात वस्त्रे टाकते, परपुरुषाच्या अंगचटीस जाते. मावशी हसतात, मामा चेष्टा करतात, भाऊ हात उगारतो. येथे खरी परिचारिका ओळखू येते. ती रुग्णेला पांघरूण घालते, गर्दीतून बाजूला नेते, मोजक्या शब्दांत मर्यादा सांगते, पुरुषांचा वावर थांबवते, काय घडले ते शेरेबाजी न करता नोंदवहीत लिहिते. दाखल होण्यापूर्वी काही घडले असल्यास गर्भधारणेची आणि संसर्गाची तपासणी व्हावी, हे ती डॉक्टरांच्या ध्यानी आणून देते. आणि तीन आठवड्यांनी उन्माद ओसरला, सारे आठवू लागले, लाजेने ती स्त्री मान वर करीनाशी झाली, की पुन्हा तिच्याशेजारी बसते. मनोविकारातून उठलेल्या माणसाच्या जिवाला या शरमेच्या दिवसांत धोका असतो, हे ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे.

जेथे अशी परिचर्या नसते तेथे काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण दिले गेले ते पाळीच्या काळातील स्वच्छतेचे. त्या मुली मनोरुग्ण नव्हत्या, हे खरे. पण संस्थेचे तर्कशास्त्र तेच होते. माणसे कमी पडतात ना, मग शरीरच कमी करा! गदारोळ झाला, तो योग्यच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आता मनोविकारावरचा उपचार म्हणून स्त्री-पुरुषाची नसबंदी करण्यास मनाई केली आहे. साखळदंडास मनाई केली आहे. स्त्रियांना पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू, रुग्णाची खाजगी जागा, त्याची गुप्तता हे सारे हक्क म्हणून लिहिले आहे. समाजाच्या नीतिकल्पनांशी न जुळणे म्हणजे मनोविकार नव्हे, असेही त्यात स्पष्ट आहे.

हे शेवटचे कलम परिचारिकांना शिकवले पाहिजे, कारण विकार कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, येथेच मोठा गोंधळ आहे. कामेच्छेचा अभाव, शीघ्रपतन, संभोगाच्या वेळी स्त्रीचे स्नायू भीतीने आवळले जाणे, स्वतःला आवरता न येणारे कामवर्तन, ही दुःखे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. समलिंगी आकर्षण हा विकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच त्याला विकारांच्या यादीतून वगळले, आमच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. त्याच संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात लैंगिक स्वास्थ्याला मनोविकारांपासून वेगळे प्रकरण मिळाले आहे. तरीही मुलाला ‘दुरुस्त’ करा म्हणून बाप रुग्णालयाच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याला प्रथम भेटते ती परिचारिका. तिने काय बोलावे?

आणि तिला हे शिकवणार कोण? २०१७ च्या कायद्याची व्याख्या पाहा. सामान्य परिचर्येची पदविका वा पदवी असलेली कोणतीही नोंदणीकृत परिचारिका त्या कायद्यानुसार ‘मानसिक आरोग्य परिचारिका’ ठरते. मनोरुग्ण-परिचर्येचे वेगळे शिक्षण घेतलेले असो वा नसो. संख्या कमी आहे म्हणून व्याख्या सैल केली, हे आम्हांस समजते. पण सैल व्याख्येने संख्या कागदावर वाढते, वॉर्डात नाही. बरे, जिने विशेष शिक्षण घेतले तिची बदली बालरोग विभागात वा शस्त्रक्रियागृहात होणार नाही, याची तरी हमी आहे काय? निमहॅन्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मनोविकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के भरले. पाहणी झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून येथील स्थिती बरी आहे, असे समजण्याचे कारण नाही.

परिचारिकेच्या स्वतःच्या अब्रूचा प्रश्नही येथेच येतो. आजारी पुरुषाचे वर्तन सोसणे हा तिच्या नोकरीचा भागच, असे वरिष्ठ सांगतात. हे आम्हांस साफ अमान्य आहे. कामाच्या जागी येणाऱ्या कोणापासूनही स्त्री कर्मचाऱ्याचे संरक्षण करणे, हे २०१३ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे आणि सरकार हाही मालकच आहे. रुग्णावर फिर्याद करणे हा त्याचा मार्ग नव्हे. पाळीवर दोघी असणे, पुरुष वॉर्डात पुरुष परिचारक असणे, घडलेले निर्भयपणे नोंदवता येणे, हा मार्ग आहे. भेदरलेल्या परिचारिकेने कोणते प्रश्न विचारावेत?

नपुंसकत्वाच्या आधारे विवाह रद्द करण्याची आणि मनोविकाराच्या आधारे घटस्फोट देण्याची तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आहे. म्हणजे ही दुःखे न्यायालयात मोठ्याने वाचली जातात. रुग्णालयात मात्र ती कुजबुजीनेही निघत नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील राज्याच्या चार जुन्या मनोरुग्णालयांपासून आरोग्यखात्याने आरंभ करावा. विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकांच्या अन्य विभागांत बदल्या थांबवाव्यात. प्रत्येक वॉर्डालगत दार लागेल अशी एक खोली द्यावी. आणि पुढच्या खेपेस केसपेपर छापताना झोप आणि भूक यांच्या खाली आणखी एक ओळ छापावी. ती भरण्याची जबाबदारी परिचारिकेवर टाकावी आणि ती कोरी राहिली, तर राउंडच्या वेळी डॉक्टरांनी का म्हणून विचारावे.