शुश्रूषा करणारांस लस कां नको?

घरांतील दुखणाइताची सेवा हें आमच्या समाजांत पुण्यकर्म मानलें जातें. मानावें. परंतु एखाद्या कामाला पुण्य म्हटलें कीं त्याचा हिशोब ठेवण्याचें कारण उरत नाहीं, ही त्या गौरवाची दुसरी बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं.

२०२१ सालच्या कोविड-लसीकरणाचा क्रम वाचकांनीं आठवावा. १६ जानेवारीपासून डॉक्टर, परिचारिका व इस्पितळांतील इतर नोकर यांस लस मिळूं लागली. तें योग्यच झालें. १ मार्चपासून ६० वर्षांवरील सर्वांस, आणि ४५ ते ५९ वयाच्या, ठरवून दिलेल्या २० व्याधींपैकीं एखादी जडलेल्या रोग्यांस ती खुली झाली. यादींत वैद्य होता, वॉर्डबॉय होता, रोगीही होता. रात्रंदिवस रोग्याच्या उशाशीं बसणारें घरचें माणूस मात्र कोठेंच नव्हतें.

वैतरणेच्या मुखाशीं वसलेलें दातिवरे गांव घ्या. तेथील पन्नाशीच्या एखाद्या गृहस्थास कर्करोग झाला आहे व त्याची बायको चाळिशीची आहे, अशी कल्पना करा. त्याला मार्चमध्यें लस, तिला नाहीं. त्याचें अंग पुसणें, त्याला भरवणें, त्याला घेऊन सफाळ्याला गाडी धरणें, मुंबईच्या इस्पितळांत ताटकळणें, हें सारें तिनेंच करावयाचें. १ मेपासून तिच्या वयाची पाळी कागदावर लागली. पण तुटवड्यामुळें महाराष्ट्रांत १८ ते ४४ वयाचें लसीकरण त्याच महिन्यांत थांबलें, आणि तें सर्वांस खुलें व्हावयास जूनचा उत्तरार्ध उजाडला. हींच कामें इस्पितळांत पगार घेऊन करणारीची पाळी जानेवारींतच आली होती. सेवा तीच, रोगी तोच. फरक काय तो पगारपत्रकाचा!

कोणी म्हणेल, रोग्याला लस मिळाली ना? मग झालें. हा युक्तिवाद अपुऱ्या माहितीचा आहे. कर्करोगावरील किंवा मूत्रपिंडरोपणानंतरच्या औषधांनीं ज्याची प्रतिकारशक्ति खचली आहे, त्याच्या अंगीं लस पुष्कळदां पुरती लागू पडत नाहीं. कांहीं जिवंत लशी तर त्याला देतांच येत नाहींत. भोंवतालच्या माणसांस लस टोचणें हाच त्याचा तट. अभेद्य नसेल, पण आहे तो हाच. बायकोच्या दंडांत शिरणारी सुई ही नवऱ्याच्या उपचाराचाच भाग असते.

दुसरा आक्षेप असा कीं, खरा शुश्रूषा करणारा ओळखावा कसा? ब्रिटनलाही हा प्रश्न होताच. तेथें अशा बिनपगारी माणसांस सहाव्या गटांत घातलें. सरकारी भत्ता किंवा डॉक्टरच्या दप्तरांतील नोंद हा पुरावा मानला. पण इतकें दूर कशाला? आपली रेल्वे इस्पितळाच्या दाखल्यावर कर्करोग्याच्या एका सोबत्यालाही भाड्यांत सवलत देते. तिकिटाच्या खिडकीवरील कारकुनाला जो सोबती दिसतो, तो आरोग्यखात्याला दिसूं नये काय? ४५ ते ५९ वयाच्या रोग्यानें डॉक्टरच्या सहीचा दाखला आणावा, असा मार्चमधील नियमच होता. त्याच दाखल्यावर सोबत्याचें नांव लिहावयास एक ओळ पुरली असती.

राहिला तुटवडा. तो खरा होता. पण रांग लावावी लागते ती तुटवडा असतो म्हणूनच. जेथें एका मात्रेनें दोन जिवांचें रक्षण होतें, तिचा मान त्या रांगेंत मागें कां?

१० मार्च १८९७ रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगास बळी पडल्या. अवघ्या दोन महिन्यांपूर्वीं, १० जानेवारीस, हाफकीन यांनीं मुंबईंत आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. ती सावित्रीबाईंपर्यंत पोंचावयास काळच थोडा होता. आम्हांस तशी सबब सांगण्याची सोय नाहीं.

साथ ओसरली, प्रश्न ओसरला नाहीं. इन्फ्लुएन्झाची लस आजही अशा घरांतील बहुतेकांस पदरमोड करूनच घ्यावी लागते. पुढची साथ येईल तेव्हां नवी यादी निघेल. ती निघण्यापूर्वींच दाखल्यावरील ती एक ओळ छापून ठेवावी, एवढीच मागणी आहे. सेवेला पुण्य म्हणणारांनीं निदान सेवा करणारांस जगवावें.