मऊ भात, पण तुपाशिवाय

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी घरातलं कुत्रं ताटलीकडे ढुंकूनही बघत नाही, तेव्हा सगळ्यांचा अंदाज एकच असतो: रात्रभर फटाके वाजले, बिचारं भेदरलंय. दुपारपर्यंत त्यानं दोनतीनदा पिवळं पाणी ओकलेलं असतं. संध्याकाळी ते पुढचे पाय जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून उभं राहतं. आळस दिल्यासारखंच दिसतं ते. पण आळस क्षणात संपतो, हे मात्र तसंच ताटकळत राहतं. पोटात कळा येत असल्या की काही कुत्री अशी उभी राहतात. मग रिक्षा, डॉक्टर, सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि घरात कुणी कधी न उच्चारलेला शब्द: पँक्रियाटायटिस. स्वादुपिंडाला सूज.

'काल काय काय खाल्लं यानं?' असं डॉक्टर विचारतात, तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग एकेक कबुली बाहेर येते. धाकट्यानं चकली दिलेली असते, बाबांनी करंजीचं टोक आणि आजीनं तूप कढवल्यावर पातेल्याच्या बुडाशी राहिलेली बेरी. प्रत्येकानं 'एवढंसंच' दिलेलं असतं आणि एकाचं 'एवढंसं' दुसऱ्याला माहीत नसतं.

दर वेळी दोष खाण्याचाच असतो असं नाही. मिनिएचर श्नाउझर जातीच्या अनेक कुत्र्यांच्या रक्तात चरबीचं प्रमाण जन्मजातच जास्त असतं. काही औषधं, लठ्ठपणा, हार्मोन्सचे आजार यांचाही हात असू शकतो आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. तरी २००८ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या अभ्यासकांनी आजारी आणि निरोगी कुत्र्यांच्या खाण्याची तुलना केली, तेव्हा ताटातलं उरलंसुरलं आणि कचऱ्याच्या डब्यातलं खाणाऱ्या कुत्र्यांत हा आजार जास्त दिसला. आपल्याकडे डबा उपडा करायलाही लागत नाही. माणसंच हातानं भरवतात.

स्वादुपिंड प्रथिनं पचवणारी पाचकद्रव्यं तयार करतं ती निद्रिस्त अवस्थेत. ती लहान आतड्यात पोहोचली की तिथं जागी होतात आणि कामाला लागतात. पँक्रियाटायटिसमध्ये ती जागच्या जागीच जागी होतात आणि ज्या ग्रंथीनं त्यांना जन्म दिला तिलाच पचवू लागतात. हान्स कियारी या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं ही कल्पना १८९६ साली मांडली. माणसाला स्वादुपिंडाबद्दल जे कळलं, त्यातलं बरंचसं कुत्र्यांच्याच जिवावर कळलंय. १८५६ मध्ये फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्ह तेल सोडून हीच सूज मुद्दाम निर्माण केली होती. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती लागलं, तेही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. एवढं ऋण डोक्यावर असताना कुत्र्याच्या पथ्याबद्दल मात्र आपण अजून अंदाजानंच चालतो.

यातला जुना अंदाज म्हणजे उपास. अन्न लहान आतड्यात उतरलं की स्वादुपिंडाला रस सोडण्याचा निरोप जातो, हे लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ साली दाखवलं. प्रयोग अर्थातच कुत्र्यावर. यातूनच पुढे असं ठरलं की ग्रंथी सुजली असेल तर तिला विश्रांती द्यावी, म्हणजे दोनतीन दिवस पोटात काहीच जाऊ देऊ नये. ऐकायला पटतं. आपल्याकडच्या लंघनाच्या संस्कारात तर ते अगदी चपखल बसतं. पण प्रयोगांत असं दिसलं की सुजलेली ग्रंथी मुळातच कमी स्रवते. शिवाय आतड्याच्या अस्तराला त्याचं बरंचसं पोषण त्याच्यावरून सरकणाऱ्या अन्नातूनच मिळतं. ते उपाशी राहिलं की झिजतं आणि आतड्यातले जंतू आत शिरण्याचा धोका वाढतो. २०११ साली गंभीर आजारी असलेल्या दहा कुत्र्यांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना नळीतून पोटात अन्न दिलं, काहींना शिरेतून पोषण. पोटात अन्न गेलेल्यांनी ते चांगलं सोसलं आणि त्यांच्या उलट्याही कमी झाल्या. दहा कुत्री म्हणजे काही मोठा आकडा नव्हे, पण माणसांच्या रुग्णालयांतला अनुभवही याच दिशेचा आहे. म्हणून आता सलाईन, वेदनाशामक आणि उलटीचं औषध देऊन, उलटी आटोक्यात आली की एकदोन दिवसांतच खाणं सुरू करण्याकडे डॉक्टरांचा कल आहे. कुत्रं स्वतः खात नसेल तर नाकातून किंवा मानेतून नळी घालतात. घरी मांडीवर घेऊन, जबडा उघडून चमच्यानं कोंबणं हा त्याला पर्याय नाही. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मळमळत असताना बळेबळे भरवलेलं अन्न कुत्रं पुढेही नाकारू शकतं.

इथपर्यंतचं काम डॉक्टरांचं. घरी आणल्यावर आजार स्वयंपाकघराच्या ताब्यात येतो आणि तिथं एका शब्दानं घोटाळा होतो. डॉक्टर म्हणतात, 'काहीतरी हलकं द्या.'

मराठी घरात 'हलकं' म्हणजे काय ते कुणाला शिकवावं लागत नाही. तापातून उठलेल्या माणसाला मऊ भात, चिमूटभर मीठ, मेतकूट आणि वर तुपाची धार. तूप नसलेला मऊ भात आजारी माणसापुढे ठेवणं म्हणजे हयगय. हाच जिव्हाळा जसाच्या तसा कुत्र्याच्या ताटलीत उतरतो. भात मऊ, कालवलेला, तुपानं चकचकीत. त्यानं पहिल्यांदा मिटक्या मारत खाल्लं म्हणून घरात आनंद. माणसाच्या पथ्यात हलकं म्हणजे मऊ आणि कमी तिखट. या आजारातून उठणाऱ्या कुत्र्याच्या पथ्यात हलकं म्हणजे सगळ्यात आधी बिनचरबीचं. दूध-पोळी, सायीचं दही, लोणी लावलेला ब्रेड, चिकनच्या कातडीचं पाणी हे सगळं मऊ आहे, पण हलकं नाही.

हिशेब मांडला की गोष्ट उघडी पडते. दहा किलोचं कुत्रं, समजा एखादा बीगल. पडून असलेल्या कुत्र्याला दिवसाला किती कॅलरी लागतात याचं डॉक्टरांचं एक सूत्र आहे. त्यानुसार या बीगलला साधारण ४०० लागतात. कमी चरबीच्या पथ्यात दर हजार कॅलरीमागे सुमारे २० ग्रॅम चरबी धरतात. म्हणजे याच्या वाट्याला अख्ख्या दिवसात आठ ग्रॅम. आता चहाचा एक चमचा तूप घ्या: साडेचार ग्रॅम. निम्म्याहून जास्त वाटा तिथंच संपला. म्हशीच्या दुधाची एक वाटी घ्या: आठ ते दहा ग्रॅम, वाटा संपला. मूठभर शेंगदाण्यांतही तेवढंच तेल निघतं. एका अंड्याच्या पिवळ्या बलकात साडेचार-पाच ग्रॅम, पांढऱ्यात जवळपास शून्य. आजीच्या प्रेमाला ग्रॅम नसतात हे खरं, पण तिच्या चमच्याला असतात.

आणि त्याच चारशे कॅलरीत काय बसतं पाहा. शिजलेला भात २०० ग्रॅम आणि कातडी काढलेलं, नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकनच्या छातीचं मांस ८० ग्रॅम. एवढं सगळं मिळून चरबी चार ग्रॅमच्या आत. कुत्र्याचं पोट भरतं, वाटाही शिल्लक राहतो. पण हे सगळं पहिल्याच दिवशी द्यायचं नाही. पहिल्या दिवशी पाव ते एकतृतीयांश, तेही चारपाच वेळा विभागून. म्हणजे एका वेळी पोह्याच्या चमच्यानं जेमतेम दोन चमचे. ताटलीच्या मध्यभागी पडलेला तो इवलासा गोळा बघून घरातल्या कुणाचा तरी जीव कासावीस होणार. त्या माणसाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवावं. उलटी झाली नाही, पोट दुखण्याचं लक्षण नाही, तर तीनचार दिवसांत पूर्ण मापावर यायचं.

चिकन शिजवलेलं पाणी टाकून द्यायला कुणाचं मन होत नाही आणि वासानं भूक चाळवायला ते उपयोगीही पडतं. ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावं. सकाळी वर चरबीचा पांढुरका थर जमलेला असतो, तो चमच्यानं उचलून टाकावा. खाली राहतं ते भातावर घालता येतं. फक्त त्या पातेल्यात कांदा-लसूण गेलेला नको. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, आणि आपल्या हाताला तर फोडणीची सवय इतकी की रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं तरी हात लसणाकडे जातो. शाकाहारी घरांत अंडं चालत असेल तर पांढरा बलक उत्तम. तेही चालत नसेल तर सेपरेट दुधाचं ताजं पनीर थोडं थोडं देऊन बघता येतं, मात्र दूध पचत नसलेली कुत्रीही असतात. बाजारच्या नेहमीच्या पनीरमध्ये शंभर ग्रॅममागे २० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त चरबी असते, तेव्हा 'पनीर म्हणजे प्रोटीन' या वाक्यावर विसंबू नये.

सगळ्यात हुशारीची चूक गोळीच्या वेळी होते. दिवसभर पथ्य काटेकोर पाळायचं आणि रात्री औषधाची गोळी पेढ्यात लपवून द्यायची! उकडलेल्या लाल भोपळ्याचा गोळा हेच काम फुकटात करतो.

चिकन-भात कितीही निर्मळ वाटला तरी तो पाहुण्यासारखा आहे, चार दिवसांसाठी. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, झिंकसारखी द्रव्यंही पुरेशी नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ९५ टक्के कृतींत निदान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी निघालं. म्हणून पुढे दोनच वाटा उरतात. आतड्याच्या आजारासाठी बनवलेलं कमी चरबीचं तयार खाणं, किंवा पशुपोषण शिकलेल्या डॉक्टरांकडून मापांसह लिहून घेतलेला घरचा आहार. तयार खाणं महाग पडतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्यांदा सलाईन लावायची वेळ आली तर तेही स्वस्त नसतं. नवं खाणं आठवडाभरात जुन्यात मिसळत मिसळत बदलावं. एकदाच आणि सौम्य आजारी पडलेली कुत्री पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली मध्यम चरबीवर येऊ शकतात. ज्यांना आजार पुन्हा पुन्हा होतो किंवा ज्यांच्या रक्तातली चरबी चढीच राहते, त्यांना हे पथ्य जन्मभर लागतं. आणि कुत्रं भरपूर खातंय, तरी बारीक होतंय, शी ढीगभर, फिकट आणि तेलकट होतेय असं दिसलं, तर स्वादुपिंड आता पाचकरस पुरेसा बनवत नाही अशी शंका घेऊन तपासणी करावी.

'आमच्या वाड्यातली कुत्री ताटातलं खाऊनच जगली' हा युक्तिवाद इथं हमखास येतो. जगली, हे खरंच. तूप खाणारं प्रत्येक कुत्रं आजारी पडत नाही. पण जी दोन दिवस ओकून कोपऱ्यात निपचित पडली आणि मेली, त्यांच्याबद्दल वाड्यात काय बोललं गेलं तेही आठवावं: कुणीतरी विष घातलं. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नेमकी रक्तचाचणी २००० नंतरच वापरात आली. त्याआधीची गणती कुणाकडेच नाही. शिवाय वाड्यातलं कुत्रं दिवसभर गावभर हिंडायचं. फ्लॅटमधलं कुत्रं दोनदा खाली जातं आणि उरलेला वेळ डायनिंग टेबलाखाली असतं.

पथ्य पाळलं जात नाही याचा सगळा दोष घरच्यांचाच, असं मात्र नाही. बिल भरताना काउंटरवर ऐकलेलं 'लो-फॅट डाएट ठेवा' हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत 'साधं जेवण द्या' होऊन जातं. औषधाची चिठ्ठी लिहितात, मात्रा लिहितात, वेळा लिहितात. खाणं मात्र तोंडी. या आजारात खाणं हेच अर्धं औषध असेल तर तेही चिठ्ठीवर यायला हवं, मराठीत, वाटी-चमच्याच्या मापात, आणि 'काय द्यायचं'च्या आधी 'काय द्यायचं नाही' असं. ही काही फार मोठी मागणी नाही. पाच मिनिटांचं काम आहे. छापील कागदही चालेल, वजनाची जागा तेवढी मोकळी ठेवली की झालं.

घरच्यांनी मग ती चिठ्ठी फ्रीजवर लावायची. भरवणारा हात एकच, आणि प्रत्येक वेळेपुढे बरोबरची खूण, म्हणजे 'मला वाटलं तू दिलंस' होत नाही. कामाला येणाऱ्या मावशींना, लाड करणाऱ्या वॉचमनना आणि शनिवारी येणाऱ्या भाच्यांना ती वाचून दाखवायची. सकाळी सात, दहा, एक, चार, सात. दोन चमचे भात, एक चमचा चिकन, कातडी काढून. पाणी कायम भरलेलं. बक्षीस म्हणून काकडीची फोड किंवा उकडलेलं गाजर. बिस्कीट नाही, दूध नाही, टेबलाखालून काही नाही. तूप नाही. आणि त्याखाली, घरातल्याच कुणाच्या तरी अक्षरात: आजीला सांगितलंय, पुन्हा एकदा सांगणे.